मूळ कागद सोबत आणावेत

प्रश्न पहिला : सगळे कागद आणलेत का?

पाकिटात बाकी सगळं होतं. मॅट्रिकचं प्रमाणपत्र, बी.एस्सी.ची पदवी, जातीचा दाखला, डॉक्टरचा दाखला. फक्त बी.एड.चं गुणपत्रक नव्हतं.

"नीट बघा, बाई."

प्रभावती जाधवनं पाकीट उलटं केलं, झटकलं, आत बोटं घालून कोपरे चाचपले. जालन्याहून पहाटेची गाडी धरण्याआधी तिनं सगळे कागद एकावर एक लावून स्वतःच्या हातानं पाकीट चिकटवलं होतं.

"साहेब, इथं दिलं तेव्हा होतं."

"इथं दिलं तेव्हा पाकीट बंद होतं ना? मग आत होतं हे कुणी बघितलं?" शिक्षण खात्याचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. औरंगाबादहून जीपमध्ये धूळ खात आले होते आणि अजून दोन गावं उरकायची होती. "मूळ कागद नाही तर मुलाखत नाही. नियम मी केलेला नाही. जेवण करून मी निघतो. तोवर सापडला तर या. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

खिडकीबाहेर व्हरांड्यातल्या बाकावर सर्जेराव पांढरे हे सगळं ऐकत होता. त्याची मुलाखत नुकतीच आटोपली होती. बाई बाद झाल्या म्हणजे जागा आपली, एवढं कळायला गणिताची पदवी लागत नव्हती. आनंद व्हायला पाहिजे होता, तसा झालाही. पण उसाच्या कांडीला पहिला दात लावावा आणि आत कीड निघावी, तसा झाला.


प्रश्न दुसरा : या जागेची माहिती कुठून मिळाली?

मामाकडून. दुसरीकडून कुठून मिळणार?

वडील गेले तेव्हा सर्जेराव आईच्या काखेत होता. कांताबाई त्याला घेऊन भावाच्या दारात आली, बोरखेडीला, ती तिथलीच झाली. आबारावमामानं भाच्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. कॉलेजासाठी मेंढ्या विकल्या तेव्हा भावकी हसली, पण मामा बधला नाही. बी.एड. झालं आणि नोकरीचं नाव निघेना. सर्जेराव वडीगोद्रीला रोडवरच्या एका दुकानात कापड मोजू लागला. दुकानदार गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "हमारा नौकर बी.एस्सी. हाय." ते ऐकलं की सर्जेरावाची गजांची मोजणी चुकायची.

आणि यंदा, चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये, मामाचा सांगावा आला. मामा आता बोरखेडीच्या शाळेचे सेक्रेटरी होते. राजूरकडून येणाऱ्या कच्च्या रस्त्याला पत्र्याच्या खोल्यांची शाळा, समोर एक लिंब. पेपरात जाहिरात दिली होती : गणित-विज्ञानाचा शिक्षक पाहिजे, अर्ज नको, थेट मुलाखतीला यावं, मूळ कागद सोबत आणावेत. जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात होतं : जागा मागासवर्गीय व नवबौद्ध उमेदवारासाठी, पात्र उमेदवार न आल्यास इतरांचा विचार होईल.

"कोण येतंय इतक्या आडरानात," मामा म्हणाले होते. "तू बिनघोर ये."

मुलाखत तरी कसली! समितीत तिघंच : साहेब, मुख्याध्यापक धर्मराज सर आणि खुद्द मामा. आधी हसनाबादच्या बद्रीनाथला बोलावलं. त्याला प्रकाशाचा वेग विचारला, मग आवाजाचा विचारला, मग दोन्हींतला फरक विचारून रडकुंडीला आणलं. सर्जेरावाला मामानं विचारलं, "गाव कोणतं?" मामानंच त्याला वाढवलेलं, आणि मामाच विचारतोय, गाव कोणतं! साहेब काही विचारणार तोच मामा म्हणाले, "पोरगा हुशार दिसून राह्यला. पुढचं बोलवा." त्याच्या पाकिटाचा दोरा कुणी सोडलासुद्धा नाही.

पुढची प्रभावती होती. आणि तिथं हे झालं.

साहेब दारात आले. "एकाचा कागद दुसऱ्याच्यात गेला असेल चुकून. दोघं आपापली पाकिटं बघा बरं."

बद्रीनाथनं सगळे कागद बाकावर पसरले. "घ्या. माझ्यात माझेच नापास झालेले कागद हायेत."

सर्जेरावानं आपल्या पाकिटाचा दोरा सोडला. मॅट्रिक. पदवी. बी.एड. आणि बी.एड.च्या मागं आणखी एक बी.एड.

जाधव, प्रभावती. प्रथम श्रेणी.

"आहे का?" साहेबांनी विचारलं.

सर्जेरावानं दोरा परत बांधला.

"न्हाई," तो म्हणाला.


प्रश्न तिसरा : कार्यालयात कोण कोण गेलं होतं?

खोटं बोलायला एक क्षण पुरतो. आपण ते का बोललो हे शोधायला वेळ लागतो, आणि वेळ तर फक्त साहेबांच्या जेवणाएवढा होता.

सर्जेरावाला आधी वाटलं, आपल्याला कुणीतरी गुंतवतंय. कागद त्याच्याकडे सापडला असता तर तोही बाद, बाईही बाद. मग उरलं कोण?

"बद्रीनाथराव, सकाळी तुम्ही कार्यालयात गेल्ते?"

"गेल्तो. माठ तिथंच हाय. तहान लागणं गुन्हा झाला का आता?" बद्रीनाथ हसला. "अन् मी कशाला उलटापालटी करू? तुमचे मामा आत बसलेत. माझा नंबर तुमच्या नंतर, बाईच्या नंतर, अन् वर शिपाई कडूबा उभा राह्यला तर त्याच्याही नंतर."

"मंग आलात कशाला?"

"घरच्यांना सांगाया. मुलाखतीला गेल्तो म्हणलं की चार दिवस भाकर सुखानं मिळती."

शिपाई कडूबा लिंबाखाली बिडी ओढत होता. सर्जेरावाला बघून त्यानं ती विझवून कानाला लावली.

"मी पाकिटं घेतली, सरांच्या टेबलावर ठेवली, बाहिरून कडी लावली, अन् घंटा द्यायला गेल्तो. बस्स."

"कुलूप?"

"कुलूप लावायला आत काय हाय? खडू अन् डिंकाची बाटली. मागचं दार तर नुसतं लोटलेलं असतं."

"आत कोण गेलं नंतर?"

"मी नोकर माणूस हाय, भाऊ. मला दिसत न्हाई." कडूबानं कानाची बिडी काढली, परत लावली. "तुम्ही उद्या सर होनार इथं. नवीन सरानं पहिल्याच दिवशी शिपायाला आडवं घेऊ नये."

राहिले मुख्याध्यापक धर्मराज सर. टेबल त्यांचं, खोली त्यांची. पण सकाळभर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. सातवीला अपूर्णांक समजत नव्हते आणि सरांना ते न समजणं समजत नव्हतं. जीप येऊन थांबेपर्यंत तो आवाज बंद झाला नव्हता, हे सर्जेरावानं स्वतः ऐकलं होतं. साहेब जीपमधून आले. आणि मामा? मामा जीपच्या मागून सायकलवर आले, धोतर घोट्यापर्यंत धुळीनं माखलेलं. "शेतातून थेट आलो," असं सगळ्यांसमोर म्हणाले.

म्हणजे व्हरांड्यातून तरी पाकिटांना हात लावणारं कुणी आत गेलं नव्हतं. आणि कागद मात्र एका पाकिटातून उठून दुसऱ्यात जाऊन बसला होता.


प्रश्न चौथा : चहा घेतला का?

प्रभावती पायरीवर बसली होती. रडत नव्हती. रिकामं पाकीट उन्हात धरून त्याची कड बघत होती.

"बाई," सर्जेराव म्हणाला.

"या. सांत्वन करायला आलात का कागद शोधायला?"

"इचारायला आलो."

"मग हे बघा. मी घरी गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवलं होतं. पांढरी पडते ती वाळल्यावर. अन् तिच्यावर हे पिवळं काय?"

सर्जेरावानं नखानं खरवडलं. डिंक.

"इथंच उघडलं, इथंच बंद केलं," ती म्हणाली. "अन् कधी तेही सांगते. चहाच्या आधी."

"ते कसं?"

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू वर्गात सगळ्यांना आलेलं उत्तर त्याला एकट्यालाच येत नसावं.

"चहा तुम्ही कशात प्यालात?"

"कपात. कपबशीत."

"हे बद्रीनाथ?"

"कपबशीत."

"मी?"

सर्जेरावाच्या डोळ्यांसमोर सकाळ उभी राहिली. कडूबा ताट घेऊन आला होता. दोन कपबश्या त्यांच्या दोघांच्या हातात दिल्या. बाईसमोर एक गिलास ठेवला. हातात नाही दिला. फरशीवर, वीतभर लांब ठेवला. ताटात आणखी एक कप होता, वर बशी झाकलेली. तो घेऊन कडूबा कार्यालयात गेला. बाईंनी गिलासाला हात लावला नाही. सर्जेरावाला वाटलं होतं, शहरातली बाई, चहा आवडला नसेल. आणि त्यानं आपला चहा बशीत ओतून फुर्र करून संपवला होता.

"हॉटेलाच्या मागं, गोठ्याच्या भिंतीला असतो तो गिलास," प्रभावती म्हणाली. "आमच्यासाठी ठेवलेला. मी ओळखते. माझ्या आज्यानं, बापानं त्यातूनच चहा पिला. बाप रेल्वेत लागला अन् आम्ही जालन्याला आलो, म्हणून मी सुटले. आज बऱ्याच वर्षांनी भेट झाली."

 सर्जेरावानं विचारलं ते नेमकं वाकडं निघालं. "तुम्ही इथं कुणाला जात सांगितल्ती का?"

"आता तुम्ही पण विचारा!"

"तसं न्हाई, बाई. जाधव तर सगळ्यात असतेत. मराठ्यात हायेत, आमच्यात हायेत. मला सोतालाच वाटलं की तुम्ही..."

"काय वाटलं?"

"कुणीतरी पाटलाघरच्या."

ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "तेच म्हणते मी. तोंडावर लिहिलेलं नाही, नावात नाही, बोलण्यात नाही. अर्जही मागवला नव्हता. अख्ख्या बोरखेडीत माझी जात एकाच ठिकाणी होती. या पाकिटात, जातीच्या दाखल्यावर. ज्यानं गिलास सांगितला, त्यानं त्याच्या आधी पाकीट उघडलं होतं."

लिंबावर कावळा ओरडला. सातवीची पोरं मधल्या सुट्टीत बाहेर आली होती, त्यांचा कालवा होता. सर्जेरावाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. काखेतल्या पाकिटाला त्यानं कोपर घट्ट दाबलं.

"आता फक्त गिलास सांगणारा शोधायचा," प्रभावती म्हणाली. "शिपाई बोलणार नाही. अन् हॉटेलवाली मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तुम्ही जाता?"


प्रश्न पाचवा : कसा घेता, साखर किती?

"साखराबाई, सकाळचा चहा तुमच्याकडूनच गेल्ता न?"

"गेल्ता. कावून? मुंगी निघाली का?"

"चांगला होता. किती गेल्ते?"

"तीन कप अन् एक गिलास. कडूबानं तसंच सांगितलं. मी म्हणलं, गिलास कुणाला रं? म्हणतो, एक बाई आली, तिला. मी म्हणलं, तुला कसं ठाव? म्हणतो, आतून सांगितलं."

"आतून कुणी?"

"त्ये मी कशाला इचारू? मला कपाचे पैसे कपाला, गिलासाचे गिलासाला."

"तिसरा कप कुणाचा?"

"आतल्या मानसाचा. पर काय येडं मानूस असंल बाबा! म्हणे साखर बिलकुल टाकू नको. आख्ख्या जिंदगीत मला कुणी बिनसाखरेचा चहा मागितला न्हाई. माझं नाव साखराबाई, मी म्हणलं, ह्यो तर माझा अपमान झाला."

"साखर बिलकुल न्हाई?"

"काय झालं? तोंड का उतरलं? बस, पानी पी."


प्रश्न सहावा : घरी कोण कोण असतं?

आई आणि मामा. मागच्या थंडीत मामाला चक्कर आली तेव्हा औरंगाबादच्या दवाखान्यात सर्जेरावच घेऊन गेला होता. साखरेची बिमारी निघाली. "गावात बोलू नको," मामा म्हणाले होते, "आबाराव खपला म्हणतेन अन् उद्या शाळेच्या मंडळातून काढतेन." तेव्हापासून चुलीवर मामाचा चहा वेगळा होतो, आणि ते घरातल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही.

तिघांतला एक गप्प राहिला, तर कुणालाच कळणार नाही.


प्रश्न सातवा : आपणास काही सांगायचं आहे का?

साहेब हात पुसत होते. जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला होता. धर्मराज सर कागद आवरत होते आणि मामा सुपारी कातरत होते.

सर्जेरावानं गुणपत्रक टेबलावर ठेवलं. मागून प्रभावती आत आली आणि दाराशी उभी राहिली.

"कुठं सापडलं?" साहेब.

"माझ्या पाकिटात."

"मघाशी तर नाही म्हणालात."

"खोटं बोललो."

अडकित्ता थांबला.

"तुम्हीच काढलं?"

"न्हाई, साहेब. मी काढलं असतं तर माझ्यातच कशाला ठेवलं असतं? आधी मला वाटलं, मला अडकवायला कुणी ठेवलं. पर अडकवणारा गप बसत न्हाई. झडतीच्या वेळी तोच पहिला वरडला असता. हे उलटं हाय. चोर माल कुठं ठेवतो? परक्याच्या घरात न्हाई. ज्याच्यावर भरोसा हाय, जो सापडलं तरी तोंड उघडणार न्हाई, त्याच्याकडं ठेवतो."

"भाच्या," मामा म्हणाले, "डोस्कं फिरलं का?"

साहेबांनी मान वळवली. "भाचा? कुणाचा भाचा?"

 धर्मराज सरांनी आपले कागद पुन्हा पहिल्यापासून आवरायला घेतले.

सर्जेरावानं डिंक सांगितला. गिलास सांगितला. गिलास सांगताना त्यानं प्रभावतीकडं बघितलं नाही. त्याची हिंमत झाली नाही. मग म्हणाला, "गिलासाची आज्ञा आतून आली, अन् आतल्या माणसानं सोतासाठी एक कप मागवला. बद्रीनाथ बाहेर माझ्या शेजारी पीत होते. सर सातवीच्या वर्गात होते. कडूबा कार्यालयात कपबशीनं चहा पिणार न्हाई, त्याची टाप न्हाई. तो कप बिनसाखरेचा होता. सर, तुम्ही साखर खात न्हाई का?"

"मी चहाच घेत नाही," धर्मराज सर घाईनं म्हणाले. "पित्त होतं."

"या गावात बिनसाखरेचा चहा पिणारा एकच माणूस हाय. तो मागच्या दारानं आला, पाकिटं बघितली, मागच्या दारानं गेला, अन् मंग जीपच्या मागं सायकल घालून सगळ्यांच्या समोर पुन्हा एकदा आला. मी हे का सांगू शकतो, साहेब, तर त्याचा चहा माझी आई करती."

मामानं अडकित्ता टेबलावर ठेवला. 

"केलं. कुणासाठी केलं? मेंढ्या इकल्या त्या कुणासाठी इकल्या? बाई जालन्याची हाय, तिला दहा जागा मिळतीन. तुला कोण देतंय? कापड मोजत म्हातारा होशील."

"मला कुठल्या दहा जागा मिळतात, ते सांगा तरी," दारातून प्रभावती म्हणाली. "ही माझी सहावी मुलाखत. दोन ठिकाणी जागा आधीच भरली होती, दोन ठिकाणी शाळाच नव्हती, एका ठिकाणी लग्न झालंय का विचारलं अन् दार दाखवलं."

साहेबांनी गुणपत्रक आपल्या कागदांवर ठेवलं. मग त्यांनी खिडकीतून ड्रायव्हरला हात केला, इंजिन बंद कर.

"सेक्रेटरीसाहेब, तुम्ही बाहेर बसा. तुमचं मी नंतर लिहितो. पांढरे, तुम्हीही बाहेर. तुम्ही खरं सांगितलंत, पण दुसऱ्या खेपेला. बाई, बसा. प्रकाशाचा वेग सांगा."


प्रश्न शेवटचा : कधीपासून रुजू होऊ शकाल?

व्हरांड्यात मामा बाकाच्या एका टोकाला बसले, सर्जेराव दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत चार माणसं बसली असती. बद्रीनाथ केव्हाच निघून गेला होता.

"आजपासून माझ्या घराची पायरी चढू नको," मामा समोर बघत म्हणाले.

"बरं."

"तुझ्या आईला काय तोंड दाखवशील?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. आईच समोरून येत होती. भाकरीचं गाठोडं डोक्यावर आणि पदराच्या टोकात गुळाचा खडा. कुणीतरी सांगितलं असणार, पोराचं पक्कं झालं म्हणून.

"लागली का रं?" कांताबाईनं लांबूनच विचारलं.

"न्हाई, आई. जिची होती तिला चाललीय."

मामा उसळले. सगळं सांगितलं त्यांनी, एका दमात. आपण केलं ते अर्धं, भाच्यानं केलं ते दीडपट. चारचौघांत नाक कापलं. बिमारीसुद्धा उघड्यावर आणली. 

कांताबाईनं गाठोडं खाली ठेवलं. भावाकडं बघितलं, पोराकडं बघितलं. आयुष्यभर ती या भावासमोर पदर सारखा करून बोलत आली होती. आताही तिनं पदर सारखा केला.

"दादा, मेंढ्या इकून तूच शिकवलं न त्याला?"

"मंग?"

"मंग शिकला म्हणून रडतो कशाला?"

 तिनं गाठोडं सोडलं, भाकरी काढली आणि आधी भावासमोर ठेवली. "खा. तुला उपाशी राहून चालत न्हाई. खाल्ल्यावर मी माझी लुगडी बांधते. पोराबरोबर जाते."

तेवढ्यात दार उघडलं. प्रभावती बाहेर आली. हातात पाकीट होतं, उघडंच. तिनं चिकटवलं नव्हतं.

सर्जेराव उभा राहिला. "काय झालं?"

"साहेबांनी विचारलं, कधीपासून रुजू होता. पुढच्या सोमवारी चालेल म्हणाले."

"मंग?"

"मी म्हटलं, आत्तापासून." तिनं बाकाच्या टोकाला बसलेल्या मामांकडं एकदा बघितलं. "सोमवारपर्यंत ही जागा जागेवर राहील याचा मला भरोसा नाही."

ती आभार मानण्यासाठी थांबली नाही, आणि सर्जेरावालाही तसं वाटलं नाही की तिनं थांबावं. धर्मराज सर मागून धावत आले, "बाई, अहो पण वेळापत्रक," म्हणत. तिनं टेबलावरून उचललेला खडू त्यांना दाखवला आणि विचारलं, "अपूर्णांक कुणाला येत नाहीत?"

सरांनी सातवीच्या दाराकडं बोट केलं. ती आत गेली, आणि आतली सगळी पोरं धडाधड उभी राहिली.